दप्तर नसलेली यंत्रं

'संगणक बूट होतोय' असं आपण आता इतक्या सहज म्हणतो, की त्यातला बूट हा पायातला बूट आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आहे मात्र तो पायातलाच! गोऱ्या लोकांच्या उंच चामडी बुटांना वरच्या कडेला एक पट्टी असते, ती धरून बूट ओढून चढवायचा. आपल्याच बुटाची पट्टी धरून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, म्हणजे अशक्य कोटीतलं काम, अशी तिकडे बोलण्याची रीत. संगणक बांधणाऱ्यांनी १९५० च्या दशकात तो शब्द उचलला, कारण त्यांच्यापुढे नेमकं हेच कोडं होतं. यंत्र चालायला आज्ञावली हवी. आज्ञावली यंत्राच्या स्मृतीत आणायची तर ती आणणारी दुसरी आज्ञावली आधीपासून तिथे हवी. मग तिला कुणी आणलं? आपल्याकडे यासाठी म्हण तयारच आहे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

सुरुवातीला हे वेड माणसाच्या बोटांनी घालवलं जायचं. यंत्राच्या दर्शनी फळीवर बटणांची रांग असे. खाली-वर, खाली-वर करत पहिली काही वाक्यं हाताने भरायची. तेवढ्या भांडवलावर यंत्र कागदी फीत वाचायला लागायचं आणि मग उरलेलं स्वतः आत ओढायचं. १९७५ साली निघालेला आल्टेअर ८८०० हा घरगुती संगणकसुद्धा असाच बोटांनी जागा करावा लागे. पुढे ही पहिली वाक्यं एका चिपमध्ये कायमची कोरून ठेवायला लागले, आणि उरलेलं सगळं यंत्राच्या पोटातल्या डिस्कवर. आपल्या घरातला संगणक हा असा. दप्तर पाठीवर घेऊन आलेला विद्यार्थी.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलंत, हे मध्येच काय? सांगतो. माझी पुतणी पुण्याला एका कंपनीच्या सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागात आहे. दिवाळीत फराळ करता करता ती सहज बोलून गेली, "काका, आमच्याकडे दोनशे सर्व्हर आहेत, पण एकाच्याही पोटात डिस्क नाही." मी विचारलं, "मग ते उठतात कसे? त्यांना आपलं नाव तरी कसं कळतं?" तिने मला नेटवर्क कसं लागतं, त्यात काय काय असावं लागतं ते तासभर समजावून सांगितलं. पण हे सुरू कधी झालं, कुणी केलं, असं विचारल्यावर म्हणाली, "ते काही माहीत नाही बाई, आम्ही आलो तेव्हापासून असंच आहे." इतिहासाच्या मास्तराला हे वाक्य म्हणजे लाल फडकंच! मग बसलो शोधत. गेले तीन महिने हाच उद्योग चालू आहे. (सौ. म्हणतात, निदान यात बखरींची धूळ तरी घरात येत नाही.)

या सगळ्याचं मूळ डिस्कच्या किमतीत आहे. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली, तिचं नाव रॅमॅक. दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि त्यात मावायची जेमतेम पन्नास लाख अक्षरं. म्हणजे पाच जाडजूड कादंबऱ्या धरा. महिना ३,२०० डॉलर भाड्याने यंत्र मिळायचं. १९८० साली सीगेटने तेवढीच अक्षरं मावणारी छोटी डिस्क काढली तेव्हासुद्धा किंमत १,५०० डॉलर होती. एवढी महाग वस्तू प्रत्येक टेबलावर कशी ठेवणार? मग विचार असा निघाला, की टेबलावर नुसतं यंत्र ठेवू, दप्तर सगळ्यांचं मिळून एका कपाटात, आणि मधे तार.

तार आधीच तयार होती. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं आणि तारेला नाव दिलं इथरनेट. इथर म्हणजे सगळं विश्व व्यापून राहिलेलं, प्रकाश वाहून नेणारं एक कल्पित द्रव्य. आपल्या पंचमहाभूतांतल्या आकाशाची आठवण व्हावी असं. विज्ञानाने ते इथर केव्हाच मोडीत काढलं होतं, पण नाव मात्र तारेला चिकटून राहिलं. पहिल्या तारेवरून सेकंदाला सुमारे तीस लाख बिट जायचे, १९८० च्या नव्या प्रमाणात एक कोटी.

डिस्क नसलेलं यंत्र खरंच चालेल का, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड चेरिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसून मोजमाप केलं आणि १९८३ मध्ये निबंध छापला. निष्कर्ष असा की तारेपलीकडची डिस्क नीट सांभाळली तर काम रास्त वेगाने होतं. त्याच विद्यापीठाच्या अंगणातून १९८२ साली सन मायक्रोसिस्टिम्स निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, १९५५ चा. वाढले दिल्लीत, तेव्हा उगाच कॉलर ताठ करायला नको. पण पुतणीला हे सांगितल्यावर तिने लगेच दोघा-तिघांना फोन केले! सनने डिस्कशिवायची यंत्रं विकली आणि जोरात विकली. १९८४ साली त्यांच्या जॉन गेज यांनी 'नेटवर्क हाच संगणक' हे घोषवाक्य काढलं. जाहिरात म्हणून सोडून देण्यासारखं वाक्य नव्हे ते. त्यांच्या यंत्राची तार काढली तर खरोखरच टेबलावर एक महागडा काचेचा डबा उरायचा.

आता मुख्य कोडं. असं यंत्र सकाळी चालू केलं की त्याला काय माहीत असतं? काहीही नाही. नाव नाही, पत्ता नाही, घर कुठलं ते नाही. फक्त नेटवर्कच्या कार्डावर कारखान्यात कोरलेला एक अठ्ठेचाळीस बिटांचा क्रमांक. सटवाईने कपाळी लिहून ठेवावा तसा. बाकी सगळं कुणाला तरी विचारायचं, आणि विचारायचं कुणाला तेही ठाऊक नाही. म्हणून ते ओरडतं. तारेवर जो कुणी असेल त्या सगळ्यांना उद्देशून एकच हाक, "माझ्या कपाळावर हा आकडा आहे, माझा पत्ता काय?" जून १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या चौघांनी या हाकेचे नियम लिहिले, तंत्रज्ञ त्याला रार्प म्हणतात. कुणीतरी जाणता संगणक आपली वही उघडून बघतो आणि उत्तर देतो, "तुझा पत्ता अमुक."

पण ही हाक वाड्याच्या भिंतीपलीकडे जात नसे. त्यामुळे प्रत्येक वाड्यात वही घेऊन बसलेला एक जाणता हवाच. शिवाय उत्तरात नुसता पत्ता मिळायचा. दप्तर कोणत्या कपाटात, कोणत्या खणात, हे कळायचं नाही. ही अडचण सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी सोडवली. त्यांच्या बूटपी या पद्धतीत पत्ता, कपाटाचा पत्ता आणि आणायच्या फाईलचं नाव असं तिन्ही एकाच उत्तरात यायला लागलं. आणि महत्त्वाचं म्हणजे दारावर बसलेला गडी हाक ऐकून ती पलीकडच्या वाड्यात पोचवू लागला. हे गिलमोर पुढे संगणकावरच्या नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी संस्था काढणाऱ्यांपैकी एक, हे वाचून मला गंमत वाटली. पारतंत्र्यात जन्मणाऱ्या यंत्राचे नियम लिहिणारा माणूस!

पत्ता मिळाला, आता दप्तर उचलून आणायचं. त्यासाठी एमआयटीच्या कॅरन सॉलिन्स यांनी जून १९८१ मध्ये लिहून ठेवलेले टीएफटीपीचे नियम कामी आले. इतके साधे, की ते राबवणारी आज्ञावली इवल्याशा चिपमध्ये मावावी. ५१२ अक्षरांचा एक तुकडा पाठवायचा, 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. आमच्या शाळेत पहिलीची मुलं एक ओळ लिहून 'बाई, झालं' म्हणेपर्यंत बाई पुढची ओळ सांगत नसत, अगदी तसं.

या साधेपणातही एक भूत लपलं होतं. समजा 'मिळाला' हे उत्तर वाटेत रेंगाळलं. पाठवणाऱ्याला वाटलं तुकडा हरवला, त्याने तोच पुन्हा पाठवला. घेणाऱ्याकडे तो दोनदा पोचला, त्याने प्रामाणिकपणे दोनदा 'मिळाला' म्हटलं. पाठवणाऱ्याने दोन्ही उत्तरांना मान देऊन पुढचा तुकडा दोनदा पाठवला... आणि तिथून फाईल संपेपर्यंत प्रत्येक गोष्ट दोनदा! पुन्हा एक उत्तर रेंगाळलं तर याहून जास्त. गटेच्या कवितेत जादूगाराच्या शिष्याने पाणी भरायला लावलेला झाडू थांबता थांबत नाही, त्यावरून तंत्रज्ञांनी या दुखण्याचं बारसं केलं. उपाय एका ओळीचा आहे. दुसऱ्यांदा आलेल्या 'मिळाला'ला उत्तर म्हणून काही पाठवायचं नाही. पण ती ओळ मूळ नियमांत पक्की बसायला १९९२ साल उजाडलं.

हे सगळे नियम ज्या कागदांत आहेत त्यांचं नाव मला फार आवडलं. 'अभिप्रायासाठी विनंती'. १९६९ च्या एप्रिलपासून ही मालिका चालू आहे, क्रमांकाने लावलेली, कुणालाही फुकट वाचता येणारी. हुकूमनामा म्हणून काढलेला नाही, काय वाटतं ते कळवा असं म्हणून काढलेला. आपणही इथे प्रत्येक लेखाखाली तेच लिहितो, फक्त आपले नियम कुणी पाळत नाही! पेशवे दप्तरातले रुमाल सोडताना जो आनंद व्हायचा, तोच मला हे कागद वाचताना झाला. लिहिणाऱ्याचं नाव आहे, महिना आहे, आधीच्या कागदात काय चुकलं होतं तेही लिहिलेलं आहे. आमच्या अनेक बखरकारांना हे जमलं नाही.

पण एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. हाक मारणारं यंत्र, जो पहिल्यांदा उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवतं. उत्तर देणारा खरा जाणता की कुणी तोतया, हे ओळखायला त्याच्याजवळ काहीच नसतं. बूटपीच्या पायावर राल्फ ड्रोम्स यांनी १९९३ मध्ये डीएचसीपी बांधली. पत्ता कायमचा न देता मुदतीने भाड्याने द्यायचा, ही त्यातली नवी कल्पना. आपल्या घरातला मोबाईल वायफायला चिकटतो तेव्हा हीच हाक मारतो. आणि इंटेलने १९९९ मध्ये पीएक्सई नावाचं प्रमाण पक्कं केलं, त्यामुळे प्रत्येक कार्डवाल्याची वेगळी चिप शोधत बसायची गरज उरली नाही. पण मूळ हाक तीच आणि भाबडेपणाही तोच. म्हणून जाणत्यांच्या जागी दुसऱ्या कुणी उत्तर देऊ नये याची राखण मधल्या स्विचला करावी लागते. पुतणीच्या यादीत हा मुद्दा पहिल्या पानावर आहे.

मी ज्या शाळेत होतो तिथे ही यंत्रं मी प्रत्यक्ष पाहिली आहेत, पण तेव्हा काय पाहतोय हे कळत नव्हतं. १९९५ च्या सुमाराला आमच्याकडे संगणक-कक्ष झाला. दहा यंत्रं, डिस्क एकालाही नाही, आणि कोपऱ्यात मखमली आच्छादन घातलेला एक सर्व्हर. त्या काळी नॉव्हेलच्या नेटवेअरवर अशीच व्यवस्था गावोगावच्या संगणक क्लासांत असे. दहा डिस्कांचे पैसे वाचत आणि मुलांना फ्लॉपीतून व्हायरस आणायलाही वाव राहत नसे. सगळ्या यंत्रांतून एकच काळी तार ओवलेली, हार ओवावा तशी. तिची लांबी १८५ मीटरच्या आत हवी, एका तारेवर तीसच्या आत यंत्रं हवीत आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमची एकेक टोपी हवी. टोपी नसेल तर संदेश टोकावर आपटून परत फिरतो आणि सगळाच गलका होतो. सातवीतल्या एका पोराने ती चकचकीत टोपी काढून खिशात घातली आणि दहाच्या दहा यंत्रं बंद! दोन दिवस कुणाला कारण सापडेना. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने शर्ट धुताना टोपी सापडली म्हणून शाळेत आणून दिली.

ही झाली हसण्यातली गोष्ट. दुसरी नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्या एकुलत्या सर्व्हरची एकुलती डिस्क गेली. चाळीस मुलांनी वर्षभर जे काही केलं होतं, चित्रं, निबंध, गावाच्या शिरगणतीचे तक्ते, सगळं त्या एका कपाटात होतं. दुसरी प्रत नव्हती. व्यवस्था ज्यांनी बसवली त्यांनी ती ठेवली नव्हती आणि ठेवा असं सांगितलंही नव्हतं. शिरगणतीचे तक्ते मुलांनी उन्हातान्हात घरोघर जाऊन गोळा केले होते. एक मुलगी मला विचारायला आली, "सर, माझं माझ्या संगणकात का नव्हतं ठेवलं?" 'तुझा संगणक' असं काही नाहीच, हे तिला सांगणं मला जड गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं या दप्तर नसलेल्या यंत्रांबद्दल माझ्या मनात अढी होती. पुतणीचं बोलणं ऐकताना मी थोडा फणकाऱ्यानेच प्रश्न विचारत होतो, त्याचं कारण हे.

(जाता जाता एक. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. या चिपेची खुबी अशी की शेजाऱ्याकडून आलेल्या तारेवरून ती जागी होऊ शकते. पहिलं अक्षर येतं, ते सांगतं की पुढे किती अक्षरं आज्ञावली म्हणून घ्यायची. तेवढी घेतली की चिप कामाला लागते, आणि मग ती आपल्या शेजाऱ्याला उठवू शकते. वारीत एकाने दुसऱ्याला हाक मारून उठवावं तसं!)

आतापर्यंतची गोष्ट सकाळी दप्तर आणण्याची. पुतणीच्या सर्व्हरांची गोष्ट याच्या पुढची आहे. तिथे डिस्क सकाळपुरती पलीकडे नसते, दिवसभर पलीकडेच असते, आणि सर्व्हरला वाटत असतं की ती आपल्या पोटातच आहे. इथे सगळं अवघड होतं. पोटातली डिस्क आणि यंत्र यांचं बोलणं ज्या स्कझी भाषेत चालायचं तिचं प्रमाण १९८६ चं, काही मीटरच्या जाड पट्ट्यासाठी घडवलेलं. त्या भाषेचं गृहीतच असं की बोललेला शब्द पोचणार, क्रमाने पोचणार आणि लगेच पोचणार. इथरनेट तसं नाही. गर्दी झाली की ते सरळ काही पाकिटं फेकून देतं. पाठवणारा पुन्हा पाठवेल या भरवशावर. पत्रव्यवहाराला हे चालतं. पण ज्या डिस्कवर यंत्राचा प्राण आहे ती मिनिटभर गप्प झाली, तर यंत्र घाबरं होऊन मान टाकतं.

म्हणून वेगळा रस्ताच बांधला गेला. १९९४ साली मान्य झालेलं फायबर चॅनल. (नावात फायबर असलं तरी ते तांब्याच्या तारेवरही चालतं, म्हणून स्पेलिंग मुद्दाम ब्रिटिश वळणाचं ठेवलं म्हणे.) त्यातली मला सगळ्यात पटलेली युक्ती म्हणजे कूपनं. घेणारा आधीच सांगतो, माझ्याकडे इतकी पानं मांडलेली आहेत. तेवढी कूपनं पाठवणाऱ्याच्या हातात. कूपन संपलं की दारात थांबायचं. पान उठलं की कूपन परत येतं. त्यामुळे गर्दी झाली म्हणून कुणाला उपाशी परत पाठवायची वेळ येत नाही. लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे हे कधी जमणार कोण जाणे!

तिथे आणखी एक पथ्य असतं. कपाट सगळ्यांचं मिळून एक, पण कुठला खण कुणाला दिसावा हे काटेकोर आखून द्यावं लागतं. दोन सर्व्हरांना एकच खण आपला वाटला, तर दोघं एकाच वहीत एकाच वेळी लिहायला लागतात आणि दहा मिनिटांत वहीची रद्दी होते. पुतणी म्हणते, डिस्क मोडण्यापेक्षा तिला याची धास्ती जास्त. मोडलेलं दिसतं तरी, हे दिसतच नाही.

हा वेगळा रस्ता महाग. मग साध्या इथरनेटवरूनच स्कझी पाठवायची आयस्कझी पद्धत निघाली. इस्रायलमधल्या हैफा इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेचे ज्युलियन सत्रान हे तिच्या प्रमुख लेखकांपैकी. तिचं प्रमाण एप्रिल २००४ चं आणि त्यावरून यंत्र उठवायचे नियम सप्टेंबर २००५ चे. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवायची जबाबदारी तिथे इंटरनेटच्याच टीसीपीवर टाकलेली आहे. स्वस्त, पण एक गंमतशीर धोका. सर्व्हर चालू असताना कुणी नवशिका नेटवर्कचं कार्ड 'जरा बंद करून चालू करू' म्हणाला, की संपलं. त्या कार्डापलीकडेच डिस्क आहे, आणि कार्ड पुन्हा चालू करायची आज्ञा त्या डिस्कवर! कालिदासाच्या दंतकथेत तो बसलेली फांदी तोडत असतो, तोच हा प्रकार.

२००९ मध्ये दोन्ही रस्ते एक करायचाही घाट घातला गेला, इथरनेटवरून फायबर चॅनल. त्याची एक चौकट २,१०० अक्षरांच्या वर जाते आणि इथरनेटचं नेहमीचं माप १,५०० चं, म्हणून वाटेतल्या प्रत्येक स्विचला २,५०० पर्यंतचं माप मान्य करायला लावायचं. शिवाय डिस्कच्या गाड्यांसाठी एक मार्गिका अशी राखायची, की तिच्यात गर्दी झाली तर मागच्याला 'थांब' म्हणता यावं, पण शेजारची वाहतूक न थांबवता. गाजावाजा झाला तेवढा त्याचा पसारा झाला नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर. १९८५ साली रेडिया पर्लमन या बाईंनी एक सुरेख पद्धत शोधली. स्विचांच्या जाळ्यात चुकून गोल वाट तयार झाली तर संदेश भोवऱ्यात अडकून फिरत राहतात. ते टाळण्यासाठी प्रत्येक स्विच नवी तार लागली की आधी ऐकतो, शिकतो आणि मगच दार उघडतो. जुन्या प्रमाणात हे ऐकणं-शिकणं पंधरा अधिक पंधरा, तीस सेकंदांचं. शहाणपणाचीच गोष्ट. पण दप्तर नसलेलं यंत्र चालू झाल्या झाल्या हाका मारायला लागतं, आणि दार तेव्हा बंद असतं! कित्येक यंत्रं हाका मारून, थकून, 'कुणी नाही' असं पडद्यावर लिहून गप्प बसायची. आणि त्यानंतर दार उघडायचं. दोन्ही बाजू नियमाने वागल्या आणि काम बिघडलं. उपाय एवढाच, की या दारापलीकडे फक्त एक यंत्र आहे, दुसरा स्विच नाही, हे स्विचला आधी सांगून ठेवायचं. हे न कळल्यामुळे जगभरातल्या किती लोकांनी किती रात्री जागवल्या असतील!

पुतणीने जागवलेली एक रात्र तर ताजी आहे. त्यांच्याकडे विजेच्या कामासाठी सगळं ठरवून बंद केलं होतं. पहाटे वीज आली आणि दोनशे सर्व्हर एकदम उठले. सकाळी सगळ्या गल्लीने एकाच वेळी नळ सोडल्यावर पाण्याला धार राहत नाही, तसं कपाटाचं झालं. ते निस्तरायला त्यांनी वीस-वीसच्या तुकड्या केल्या, तरी एकही उठेना. सर्व्हर पत्ता मागत होते, पत्ता देणारा जाणताच जागा नव्हता. का? तर कुणीतरी सोय म्हणून त्या जाणत्यालाही याच दोनशेंपैकी एकावर नेऊन बसवलं होतं, त्याची वही त्याच कपाटात. त्याला उठायला पत्ता हवा आणि पत्ता द्यायला तो उठायला हवा. वेड आणि लग्न! सकाळी अकराला एका जुन्या, स्वतःची डिस्क असलेल्या यंत्रावर नवी वही हाताने लिहून काढली तेव्हा कुठे सुटका झाली. तेवढ्या तासांत एका रुग्णालयाची नोंदणी खिडकी बंद होती. लोक रांगेत उभे होते, हे ती दोनदा म्हणाली.

मी तिला विचारलं, डिस्क आता इतकी स्वस्त झाली आहे, मग प्रत्येकाच्या पोटात एकेक घालून का मोकळे होत नाही? यावर तिचं उत्तर मला निरुत्तर करून गेलं. "काका, आता डिस्क महाग नाही, वेळ महाग आहे. सर्व्हर मेला तर मी त्याचं नाव आणि खण दुसऱ्या रिकाम्या सर्व्हरला देते. पाच मिनिटांत तो उठतो आणि आपण तोच आहोत असं समजून काम पुढे चालवतो." म्हणजे गादी महत्त्वाची, बसणारा नव्हे. ॲमेझॉनकडून भाड्याने मिळणारी यंत्रंही डिसेंबर २००९ पासून अशी पलीकडच्या डिस्कवरून उठू शकतात. त्यांचं मुंबईतलं केंद्र जून २०१६ पासून आहे. आणि कपाट एक असलं तरी त्याच्या आत प्रत्येक पान दोन ठिकाणी, कपाटाकडे जाणाऱ्या वाटा दोन, वाटेवरचे स्विच वेगळे, त्यांची वीजही वेगळी. १९९६ च्या त्या मुलीला आमच्या शाळेत यातलं एकही मिळालं नव्हतं. माझी अढी गेली असं म्हणणार नाही, पण ती नेमकी कशावर होती ते आता कळलं. दप्तर एका कपाटात ठेवण्यावर ती नव्हती. कपाटाला एकच किल्ली आणि कपाटाकडे एकच जिना ठेवण्यावर होती.

त्या रात्रीनंतर पुतणीने आणखी एक केलं. स्वतःच्या पोटात डिस्क असलेली दोन जुनी यंत्रं तिने मोडीत जाऊ दिली नाहीत. पत्ते आणि नावं यांच्या वह्या आता त्या दोघांकडे आहेत, आणि वीज आल्यावर आधी ती दोन उठतात. मग स्विच, मग कपाट, मग सर्व्हर वीस-वीसच्या तुकडीने. हा क्रम तिने संगणकात न ठेवता कागदावर लिहिला आहे, मराठीत, ठळक अक्षरांत, आणि खोलीच्या दाराला आतून चिकटवला आहे. मला त्याचा फोटो पाठवला होता. 'स्विच'मधला 'स्वि' तिने दीर्घ काढला आहे, तेवढा सुधारून परत पाठवला.